डिजिटल मिक्सर घेताय? आधी त्याच्यासमोर अर्धा तास उभे राहा

अक्कलकोट रोडच्या एका गावात सप्ताह होता, साउंड माझा नव्हता, ओळखीच्या पोराचा होता, मी आपला कीर्तन ऐकायला गेलेलो. चाल रंगात आली आणि पखवाजवाल्याने मान वळवून आधी पेटीकडं आणि मग खाली मॉनिटरकडं (कलाकाराला ऐकायला लावलेल्या स्पीकरकडं) बोट दाखवलं, म्हणजे मला पेटी ऐकू येईना. पोरगं हुशार आहे, कान चांगला आहे, पण डेस्क, म्हणजे डिजिटल मिक्सर, नवीन. त्यानं एक पान उघडलं, मग दुसरं, मग लेयर (त्याच फेडरवर, म्हणजे सरकत्या दांड्यांवर, येणारा दुसरा चॅनलचा संच) बदलला, मग परत पहिल्या लेयरवर आला. मी मनात मोजले, २२ सेकंद. शेवटी घाईत पेटी वाढवली ती मॉनिटरला न जाता मेनला, म्हणजे लोकांच्या स्पीकरला, गेली आणि पेटीच्या माईकनं अशी शिट्टी मारली की बुवांना अभंग मध्येच थांबवावा लागला.

डेस्क चांगला होता, आवाज स्वच्छ होता, पैसे भरपूर घातले होते. फक्त घेताना त्यानं व्हिडिओ बघून घेतला, हात लावून नाही घेतला. म्हणून हे लिहितोय, कारण आपल्याकडं सोलापूर, बार्शी, पंढरपूर, तुळजापूर भागात आता बरीच पोरं अॅनालॉग सोडून डिजिटलवर यायलेत आणि सगळे एकच विचारतात, कुठल्याचा साउंड भारी. माझं म्हणणं असं की आजच्या घडीला चार नावाजलेल्या कंपन्यांचे डेस्क घेतले तर प्रिअॅम्पच्या (माईकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागाच्या) आवाजातला फरक मंडपात बसलेल्या माणसाला कळत नाही. गोंधळ उडाल्यावर तुमचं बोट योग्य ठिकाणी किती सेकंदात पोचतं, हे मात्र सगळ्या गावाला कळतं. डेस्क त्यावर निवडायचा.

आधी वही घ्या, दुकान नंतर

मागच्या सहा महिन्यांत केलेले कार्यक्रम लिहून काढा आणि प्रत्येकासमोर इनपुट किती, आउटपुट किती ते लिहा. कीर्तनाला कीर्तनकार एक, एक स्पेअर, पेटी, पखवाजाला दोन, वीणेकरी, टाळकऱ्यांना तीनचार, सूत्रसंचालन एक, असे दहाबारा माईक. ऑर्केस्ट्राला ड्रमचेच सातआठ, ऑक्टापॅड, कीबोर्ड, ढोलकी, तबला, बेस, गिटार, चार गायक, लॅपटॉप धरून अठ्ठावीस-तीस कधी होतात कळत नाही. इथपर्यंत सगळे मोजतात. आउटपुट कोणी मोजत नाही आणि तिथंच अडकतात. डावा-उजवा मेन, सब (खालच्या धूमचा स्पीकर) वेगळा, पुढच्या रांगेला फ्रंट फिल, पाच वेज (स्टेजवरचे तिरके मॉनिटर), ड्रमरला एक, आणि आता प्रत्येक लग्नात यूट्यूबवर लाइव्ह असतं त्याला दोन, म्हणजे बारा झाले. आठ आउटपुटचा डेस्क घेऊन ऑर्केस्ट्रा करायला गेलात तर दोन गायकांना एकच मॉनिटर मिळणार आणि दोघंही तुमच्यावर नाराज.

उदाहरण म्हणून बेहरिंगरचा एक्स३२ बघा, २०१२ ला आला आणि आपल्यासारख्या लहान शहरातल्या साउंडवाल्याच्या आवाक्यात पहिल्यांदा ३२ माईकचा डिजिटल डेस्क आला. मोठ्या मॉडेलला मागं ३२ माईक इनपुट आणि १६ आउटपुट आहेत. त्याच्याच कॉम्पॅक्टला मागं १६ इनपुट आणि ८ आउटपुट, पण आतलं इंजिन तेवढंच आहे, त्यामुळं १६ इनपुट ८ आउटपुटचा एस१६ स्टेजबॉक्स (स्टेजवर ठेवून माईक जोडायचा डबा) लावला की ३२ माईक होतात. आणि स्टेजबॉक्स तर तुम्हाला तसाही लागणारच आहे, मग मागं ३२ भोकं असलेला जड डेस्क चौघांनी उचलून टेम्पोत चढवायची गरज आहे का ते ज्याचं त्यानं ठरवावं. मी कॉम्पॅक्टच्या बाजूचा, पण त्याला फेडर १७ च, मोठ्याला २५. इथं तुमची वही कामाला येते, कीर्तन जास्त असेल तर १७ पुरतात, ऑर्केस्ट्रा जास्त असेल तर नाही पुरत.

आता हाताची परीक्षा

ज्याच्याकडं तो डेस्क आहे त्याच्याकडं जा, गोडाऊनमध्ये लावायला सांगा, भाड्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या. सोबत एक मित्र न्या. त्याला समोर उभा करा, गायक समजा, आणि तो ओरडेल ते करायचं, मोबाईलवर स्टॉपवॉच लावून.

पहिलं काम, "तिसऱ्या मॉनिटरला पेटी वाढवा". यासाठी सगळ्या डेस्कवर सेंड्स ऑन फेडर असतं, म्हणजे एक बटण दाबलं की तेच फेडर मेनऐवजी त्या मॉनिटरचे होतात. अॅलन अँड हीथच्या एसक्यूवर उजव्या बाजूला प्रत्येक मिक्सचं स्वतंत्र बटण आहे, मिक्स दाबला की फेडर उठून जागेवर जातात. ही सोय हाताला एकदा लागली की सुटत नाही. पण धोका असा की परत मेनवर यायचं राहून जातं आणि तुम्ही मेन समजून मॉनिटर फिरवत बसता. त्या सप्त्यात उलटं झालं, मॉनिटर समजून मेन फिरवला. म्हणून बघायचं की मोड बदलल्याचं डोळ्याला कळतं का. साउंडक्राफ्टच्या एसआय डेस्कमध्ये फेडरच्या खाचेतच दिवा आहे, काम बदललं की त्याचा रंग बदलतो, ही कल्पना मला फार आवडते, अंधाऱ्या कोपऱ्यात बसून काम करणाऱ्यानं केलेली वाटते.

दुसरं काम, "माईक कुंई करतोय". त्या चॅनलचा ईक्यू (जाड-बारीक आवाज कमीजास्त करायची सोय) उघडून अडीच-तीन हजार हर्ट्झ कापायला किती वेळ लागतो? इथं साउंडवाल्यांचे सरळ दोन गट पडतात. एक म्हणतो मला प्रत्येक गोष्टीला नॉब पाहिजे, गेन (माईकचा सिग्नल किती आत घ्यायचा), गेट (शांत असताना माईक बंद ठेवणारं), कॉम्प्रेसर (मोठा आवाज आवरणारा), ईक्यूच्या चार बँड, सगळं डोळे मिटून सापडलं पाहिजे. दुसरा म्हणतो स्क्रीनवर बोटानं वक्र ओढला की झालं. यामाहाच्या २००५ च्या एम७सीएलमध्ये एक चॅनल निवडा आणि त्याचे नॉब एका जागी मिळवा ही पद्धत होती, एक्स३२ आणि एसक्यूवर पण निवडलेल्या चॅनलचे नॉब वेगळे दिलेत. २०१५ च्या यामाहा टीएफवर मात्र स्क्रीनला बोट लावायचं आणि एकच नॉब फिरवायचा, शिवाय एकाच नॉबवर चालणारा कॉम्प्रेसर, नवख्याला तो डेस्क पटकन जमतो.

मी नॉबवाला. कारण सांगतो, एप्रिल-मे मध्ये आपल्याकडं लॉनवरची लग्नं असतात, दुपारी चारला लाइन चेक, ऊन ४२ अंश, बोटं घामानं ओली आणि त्यावर धूळ. ओलं बोट टचस्क्रीनवर लावलं की कधी लागतं कधी लागत नाही, आणि ऊन सरळ पडलं तर स्क्रीनवर स्वतःचा चेहराच दिसतो. म्हणून डेमो घेताना डेस्क दहा मिनिटं बाहेर उन्हात आणून बघायचा. मालक हसेल, हसू दे. चॅनलची नावं वाचता येतात का, रंग ओळखू येतात का, तेवढं बघून परत आत न्या आणि पुढं कुठल्याही लॉनवर गेलात तर डेस्कवर छत्री बांधल्याशिवाय चालू करू नका.

तिसरं काम, "कीर्तनकार सोडून सगळं बंद". हे म्यूट ग्रुपवर एका बटणात झालं पाहिजे. डीसीए पण बघा, म्हणजे ढोलकी-तबला-ड्रम एका फेडरवर, कोरस एका फेडरवर. एक्स३२ ला आठ डीसीए आणि सहा म्यूट ग्रुप आहेत, आपल्या कामाला भरपूर झाले. चांगले इंजिनीअर शोमध्ये बहुतेक वेळ डीसीएवरच बसलेले असतात, चॅनलकडं फक्त काही बिघडलं तर जातात, हे मी पुण्याहून आलेल्या एका इंजिनीअरच्या शेजारी बसून बघितलंय, सोलोच्या वेळी हार्मोनियमचा चॅनल सोडला तर त्याचा हात आठ फेडरच्या बाहेर गेलाच नाही.

तिन्ही कामं पाच सेकंदांच्या आत जमली तर डेस्क तुमच्या हाताचा आहे. पहिल्या दहा मिनिटात नाही जमणार, म्हणून तर अर्धा तास म्हणतोय.

आकडे वाचताना

४८ किलोहर्ट्झ का ९६, यावर लई भांडणं चालतात. ४८ वर २४ हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज पकडला जातो आणि माणसाचा कान चांगला असला तरी २० हजारापर्यंत, त्यामुळं नुसत्या ९६ साठी जास्त पैसे घालू नका. त्याचा खरा फायदा लेटन्सीत, म्हणजे डेस्कमधून आवाज बाहेर यायला लागणाऱ्या उशिरात, होतो. २०१७ चा एसक्यू ९६ वर चालतो आणि आत गेलेला आवाज ०.७ मिलिसेकंदाच्या आत बाहेर काढतो, टीएफला २.६ पर्यंत लागतात. आवाज हवेत एका मिलिसेकंदाला साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे २.६ म्हणजे वेज तीन फूट मागं सरकवल्यासारखं, वेजवर कोणाला कळणार नाही. कानात इन-इअर (मॉनिटरऐवजी कानातले छोटे स्पीकर) घालणाऱ्या गायकाला मात्र स्वतःचा आवाज हाडातून आणि कानातून असा दोनदा येतो, तो म्हणेल आवाज पोकळ लागतोय. तुमच्याकडं इन-इअरवाले गायक येत असतील तर लेटन्सीचा आकडा बघा, नसतील तर सोडून द्या.

हवेवरून आठवलं, लांब मैदानावर मागं डिले स्पीकर (मागच्या लोकांसाठी, आवाज मुद्दाम थोडा उशिरा सोडणारे) लावत असाल तर तो उशीर काढताना तापमान टाका, अंदाजानं नको. सोलापूरच्या गड्डा यात्रेच्या दिवसात, जानेवारीत रात्री १५ अंश धरले तर ३० मीटरला साधारण ८८ मिलिसेकंद होतात, तेच मे महिन्यात ४० अंशाला ८४ च्या जवळ. चार मिलिसेकंद म्हणजे पुढचे-मागचे बोल एकमेकात मिसळायचे राहतात आणि निवेदन गढूळ होतं. मी बरीच वर्षं जानेवारीची फाइल उन्हाळ्यात तशीच वापरत होतो आणि स्पीकरला दोष देत होतो.

गेनचं पण सांगतो कारण अॅनालॉगवरून आलेल्या सगळ्यांची सवय तीच आहे. तिथं लाल दिवा लागला तरी थोडं खपून जायचं. डिजिटलला शून्याच्या वर जागाच नाही, लाट सरळ कापली जाते आणि कडकड येते. मीटरवर सरासरी वजा १८ च्या आसपास ठेवा आणि बुवा आरोळी देतील तेव्हा वजा ६ च्या वर जाऊ देऊ नका, सोपं आहे, पण बुवांना साउंड चेकला जोरात म्हणायला लावा, "हॅलो हॅलो" वर गेन लावू नका.

वायर आणि करंट, इथं खरी मारामारी

जड तांब्याच्या मल्टिकोअरच्या (सगळ्या माईकच्या एकत्र जाड वायरीच्या) जागी आता एक नेटवर्कची वायर आली. एक्स३२ आणि मिडासच्या एम३२ मध्ये एईएस५० नावाचं नेटवर्क असतं, एका वायरीत ४८ चॅनल जातात ४८ परत येतात, कंपनी १०० मीटरपर्यंत म्हणते, मी ८० च्या पुढं जात नाही. वायर शील्डेड कॅट-५ई पाहिजे आणि टोकाला लोखंडी खोळीचा इथरकॉन कनेक्टर पाहिजे. कॉम्प्युटरच्या दुकानातली साधी प्लॅस्टिक टोकाची वायर घरी चालते आणि कार्यक्रमात कोणी नायलॉनचं कार्पेट घासत चाललं की स्थिर विजेनं सिग्नल टकटक करून तुटतो. यामाहाच्या क्यूएल, सीएलमध्ये दान्ते नावाचं नेटवर्क असतं, त्याला प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन वायरी टाकता येतात, एक तुटली की दुसरी चालू राहते. नाटकाला किंवा मोठ्या नेत्याच्या सभेला जाणाऱ्यानं यासाठी पैसे घालावेत. मोठ्या टूरचे इंजिनीअर डिजिकोच्या एसडी७ सारख्या डेस्ककडं का जातात त्याचं एक कारण हेच, त्यात दोन इंजिनं आहेत, एक बंद पडलं तर दुसरं काम उचलतं.

वायर टाकताना रस्ता ओलांडत असेल तर वर बांधा. खाली टाकून वरून पोतं टाकायची पद्धत आहे, पण पोत्यावरून ट्रॅक्टर गेला की जुनी मल्टिकोअर वाचायची, ही नेटवर्कची नाही वाचत. दुसरी तेवढीच लांब वायर गाडीत नसेल तर निघूच नका.

आणि करंट. लाइट जाऊन जनरेटर लागेपर्यंत अॅनालॉग मिक्सर नुसता मुका व्हायचा, लाइट आली की बोलायचा. डिजिटल डेस्क कॉम्प्युटर आहे, तो पहिल्यापासून चालू होतो. डेमोच्या वेळी सरळ प्लग काढा, परत लावा आणि आवाज येईपर्यंत घड्याळ बघा. जो आकडा येईल तेवढा वेळ तुम्ही हजार माणसांसमोर गप्प उभे राहणार आहात. म्हणून ऑनलाइन यूपीएस घ्या, एक केव्हीएचा, डेस्क, स्टेजबॉक्स आणि राउटर एवढंच त्यावर, अॅम्प्लिफायर चुकूनही नाही. घरगुती साधा यूपीएस जनरेटरच्या करंटवर कटकट करत बसतो. चालू करताना डेस्क आधी आणि अॅम्प शेवटी, बंद करताना उलटं, हे हेल्परलाही पाठ करून ठेवा.

टॅबलेटवरून मिक्स करायची सोय सगळीकडं आहे आणि ती खरंच उपयोगाची आहे, स्टेजवर गायकाच्या शेजारी उभं राहून मॉनिटर लावता येतो. पण काही छोट्या रॅक मिक्सरला फेडरच नसतात, सगळं वायफायवर. दुपारी रिकाम्या हॉलमध्ये मस्त चालतं, संध्याकाळी सातशे लोक खिशात मोबाईल घेऊन आले की टॅबलेटचं कनेक्शन तुटतं आणि हातात काहीच राहत नाही. माझ्यावर एका हळदीच्या कार्यक्रमात ही वेळ आली, ढोलकी वाढत चालली होती आणि मी काचेवर बोटं घासत होतो. असा मिक्सर घेणार असाल तर वेगळा पाच गिगाहर्ट्झचा राउटर उंचावर लावा, आणि एक लॅपटॉप वायरीनं जोडून ठेवा. वायर सोडू नका.

दुसऱ्याच्या हातात डेस्क देताना

तुम्ही भाड्यानं देणार असाल तर तुमच्या आवडीपेक्षा येणाऱ्या इंजिनीअरची आवड जास्त महत्त्वाची. मोठ्या कलाकाराच्या रायडरमध्ये (सामानाच्या मागणीच्या यादीत) चालणाऱ्या डेस्कची नावं आधीच लिहिलेली असतात, कारण तो माणूस पेनड्राइव्हमध्ये स्वतःची फाइल घेऊन येतो. एका कंपनीची फाइल दुसऱ्याच्या डेस्कवर उघडत नाही. एक्स३२ आणि मिडासचा एम३२ एकमेकांच्या फाइल वाचतात, यामाहाच्या एम७सीएल, एलएस९, सीएल, क्यूएल मधल्या फाइल त्यांच्या कन्व्हर्टरनं बदलता येतात. त्यामुळं शेजारच्या तीन साउंडवाल्यांकडं काय आहे ते बघून घेणं शहाणपणाचं, तुमचा डेस्क ऐनवेळी बंद पडला तर त्याचा आणता येतो आणि फाइल तीच चालते. सोलापुरात आपण एकमेकांना माईक, स्टँड देतोच, डेस्क पण देतो.

जुना घेत असाल तर ही एक युक्ती लक्षात ठेवा. दोन सीन (डेस्कवर सेव्ह केलेल्या मांडण्या) बनवा, एकात सगळे फेडर पूर्ण वर, दुसऱ्यात पूर्ण खाली. आलटून पालटून दाबत राहा, वीसपंचवीस वेळा. चांगले फेडर सगळे एकदम उठतात, टप् असा एकच आवाज येतो. ज्याची मोटर थकलीय तो मागं राहतो, अर्ध्यात थांबतो, नाहीतर वर जाऊन थरथरतो. मंडपाची बारीक लाल माती आत गेलेल्या डेस्कमध्ये हे हमखास दिसतं. मग एकच माईक घेऊन प्रत्येक इनपुटला लावून बोला, फँटम (डेस्कवरून माईकला जाणारा करंट) चालू करून कंडेन्सर माईकनं पण बोला, प्रत्येक आउटपुटला हेडफोन नाहीतर स्पीकर लावून ऐका. तासभर जातो. मेन बोर्ड गेला की डेस्क पुण्याला नाहीतर हैदराबादला पाठवावा लागतो आणि तो सीझनमध्येच जातो, त्यापेक्षा तास गेलेला बरा.

घरी आणल्यावर पहिला आठवडा

पहिल्या आठवड्यात सुपारी घेऊ नका. बेस फाइल बनवा. चॅनलचा क्रम कायमचा ठरवा, माझ्याकडं एक नंबर कीर्तनकार किंवा मुख्य गायक, दोन नंबर स्पेअर, मग पेटी, मग चामड्याची वाद्यं, कुठलाही कार्यक्रम असो. बोलण्याच्या माईकला १०० हर्ट्झच्या आसपास लो कट (त्याखालचा आवाज कापणं), टाळाच्या माईकला ३०० पर्यंत, पखवाजाच्या धूमला जवळजवळ काहीच नाही. सबला वेगळी बस (मिक्सची वेगळी वाट) द्या आणि त्यात फक्त ढोलकी, पखवाज, ड्रम, बेस पाठवा, मग स्टेजवर पाय आपटल्याचा धडधड आवाज सबमधून येत नाही.

सीन वापरताना रिकॉल सेफ (सीन बदलला तरी ठरलेल्या गोष्टी जागच्या जागी ठेवायची सोय) शिका, इतर काही नाही शिकलात तरी चालेल. एका संगीताच्या कार्यक्रमात मी दुसऱ्या गायिकेसाठी सीन बदलला, त्यात दुपारच्या साउंड चेकचे गेन पण सेव्ह होते, निवेदिकेचा माईक संध्याकाळी मी बराच खाली आणला होता तो एका झटक्यात परत वर गेला आणि पहिल्या रांगेतल्या आजींनी कानावर हात ठेवले. ते हात मला अजून दिसतात. त्या दिवसापासून गेन आणि मॉनिटर दोन्ही सेफ, सीननं फक्त इफेक्ट आणि म्यूट बदलायचे.

आणि रेकॉर्डिंग करा. एक्स३२ ला यूएसबीनं लॅपटॉप जोडला की ३२ ट्रॅक वेगवेगळे रेकॉर्ड होतात, अॅलन अँड हीथच्या जुन्या क्यू सिरीजमध्ये तर लॅपटॉपशिवाय थेट यूएसबी ड्राइव्हवर १८ ट्रॅक जातात. सप्त्यातलं एक कीर्तन असं रेकॉर्ड करा, गोडाऊनमध्ये या, तेच ट्रॅक परत चॅनलमध्ये सोडा आणि दोन स्पीकर लावून निवांत मिक्स करत बसा. बुवा थकत नाहीत, पखवाजवाला ओरडत नाही, एकच अभंग पन्नास वेळा वाजवता येतो. ज्या पोराची गोष्ट सुरुवातीला सांगितली तो आता रोज रात्री हे करतो, मित्राला समोर बसवून "पेटी दे, टाळ कमी कर" असं ओरडायला लावतो. परवा मोजलं, चार सेकंद.

फर्मवेअर अपडेट कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी करू नका, सीझन संपल्यावर करा. फाइल दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक डेस्कच्या पेटीत, एक खिशात. आणि जुना आठ चॅनलचा अॅनालॉग मिक्सर विकू नका. तो गाडीत सीटखाली ठेवा, सोबत दोन एक्सएलआर वायरी आणि एक माईक त्याच पिशवीत बांधून.